पहाटे चालू झाली पाहिजे : जुनी चारशे सात रोज चालवताना

मी लखनौहून बोलतोय, मानक नगरहून. या मालिकेत पुस्तकांवर, शेतीवर, तब्येतीवर बोलणारे जाणकार लोक येऊन गेले. आज एक गाडीवाला आलाय, तेव्हा भाषा थोडी ग्रीस लागलेली असेल, सांभाळून घ्या.

आधी मी इथे कसा, ते दोन वाक्यांत सांगतो, कारण हा प्रश्न येतोच. आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, सगळ्या देशभर पांगली. वडील असेच इकडे आले. मला भट्टीपुढे बसणं जमलं नाही, मी गाडीत बसलो. ट्रान्सपोर्ट नगरच्या गोदामातून टाइल्स, रंगाचे डबे, नळाचं सामान उचलायचं आणि आलमबाग, आशियाना, कृष्णा नगर या भागातल्या दुकानांत पोचवायचं. गाडी टाटा चारशे सात, २००३ सालची, बिनटर्बोची. रविवार सोडला तर रोज चालते. ती उभी राहिली की त्या दिवशीचा धंदा उभा राहतो, आणि दोन दिवस उभी राहिली की दुकानदार दुसरा गाडीवाला बघतो. आज मी बोलणार आहे ते या जातीच्या गाडीबद्दल. हौस म्हणून घासूनपुसून ठेवलेल्या जुन्या गाड्या वेगळ्या, त्यांना वेळ देता येतो. पोटाच्या गाडीला रात्र आणि रविवार एवढाच वेळ मिळतो.

चारशे सात तुम्हाला नवीन नाही. १९८६ साली ती बाजारात आली तेव्हा छोट्या ट्रकच्या धंद्यात जपान्यांशी हातमिळवणी केलेल्या कंपन्यांची गर्दी होती. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. त्यातल्या काहींची नावंही आता नव्या पोरांना माहीत नाहीत, आणि चारशे सात अजून विकली जाते. माझ्या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं आहे, २९५६ सीसी. सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १००. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक आहे, त्यात संगणक वगैरे काही नाही. म्हणजे बिघडलं तर कान, डोळे, पाने आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर दोष सापडतो. जुनी गाडी ठेवण्यात फायदा कसला असेल तर तो हा. तोटेही सांगणार आहे.

आता मानक नगर. इथे रेल्वेची आरडीएसओ आहे, संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था. १९५७ साली दोन जुनी कार्यालयं एकत्र करून ती उभी राहिली. वस्तीला आणि कानपूरच्या लाइनवरच्या स्टेशनला नाव पडलं मानक नगर. आमच्या गल्लीत तिथून निवृत्त झालेले एक काका राहतात. एकदा मी गाडीखाली असताना ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, "बेटा, ये पुर्जा बदल क्यों रहे हो?" मी म्हटलं, आवाज येतोय. ते म्हणाले, आवाज हे काही माप नव्हे. रेल्वेत चाक असो, ब्रेकचा ठोकळा असो, प्रत्येक झिजणाऱ्या वस्तूला एक मर्यादा लिहून ठेवलेली असते. तिथवर झिजली की बाद करायची, त्याच्या आत असली की मापायची आणि पुन्हा चालवायची. आपल्या गॅरेजात उलटं चालतं. चांगला सुटा भाग अंदाजानं बदलतात आणि बाद झालेला अंदाजानंच चालवतात. तेव्हापासून माझ्या डॅशबोर्डात एक वही आहे. लायनर किती उरलं, फॅन बेल्ट कधी घातला, ब्रेक ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला किती डिझेल गेलं, सगळं त्यात.

जुन्या गाडीत एका वेळी दहा गोष्टी बिघडलेल्या असतात. पैसा आणि वेळ मात्र दोन-तीन कामांपुरताच असतो. म्हणून क्रम ठरवावा लागतो. माझा क्रम असा की ज्यानं माणूस मरेल ते आधी : ब्रेक, स्टेअरिंग, टायर. मग ज्यानं गाडी रस्त्यात थांबेल ते. मग ज्यानं डिझेल जास्त जाईल ते. खडखडणारा दरवाजा, गंजलेला मडगार्ड, फाटलेलं सीट सगळ्यात शेवटी. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दरवाज्याचा खडखडाट रोज कानाला त्रास देतो आणि ब्रेकचं सिलिंडर गुपचूप गळत असतं, त्यामुळे पैसे आधी दरवाज्यावर जातात. मी हे बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

तर ब्रेक. यावर जरा जास्त बोलतो.

माझ्या गाडीला चारही बाजूला ड्रम ब्रेक आहेत, हायड्रॉलिक, आणि मदतीला व्हॅक्यूमचा बूस्टर. व्हॅक्यूम तयार करणारा पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला आहे. ब्रेकचा पेडल तुमच्याशी बोलत असतो. त्याची भाषा चार-पाच वाक्यांची आहे. पेडल स्पंजासारखा मऊ लागला तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्यांदा खाली जातो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतो, तर शू ढिले झालेत, ॲडजस्ट करायला हवेत. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली बुडत गेला, बाहेर कुठे गळतीही नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेलेत. आणि पेडल दगडासारखा कडक झाला, जोर लावूनही गाडी थांबेना, तर ब्रेकचं तेल बघत बसू नका, व्हॅक्यूम बघा.

गेल्या वर्षी मे महिन्यात नेमकं हेच झालं. टाइल्स भरून आलमबागकडे चाललो होतो, पुढे ई-रिक्षांची रांग. ब्रेक दाबला तर पेडल कडक. दोन्ही पायांनी दाबावा इतका. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. पुढच्या रिक्षात शाळेची तीन पोरं बसली होती, गणवेशात, माझ्याकडे तोंड करून. अंतर फूटभर उरलं असेल.

तिथेच जवळ एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, बूस्टर गेला, नवा टाका. आता बूस्टर स्वस्त नाही. मी म्हटलं, थांबा, आधी तपासू. तपासणी फुकटची आहे, तुम्हीही करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरायचा आणि इंजिन चालू करायचं. बूस्टर चांगला असेल आणि त्याला व्हॅक्यूम मिळत असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली सरकतो. नाही सरकला तर एकतर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर गेलाय. दुसरी तपासणी अशी की इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करायचं आणि थोडं थांबून पेडल दाबायचा. पहिले एक-दोन दाब हलके लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर व्हॅक्यूम साठून राहत नाही, कुठेतरी निसटतोय.

माझ्या गाडीत पंपापासून बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप आतून फुगून बंद झाला होता. बाहेरून बघितलं तर नवा वाटावा असा. पाइप काढून फुंकला, हवा जाईना. नवा पाइप घातला, दोन क्लॅम्प आवळले, पेडल जागेवर. बूस्टर आजही जुनाच आहे.

या पाइपांचं एक लक्षात घ्या. रबराचं आयुष्य किलोमीटरवर नसतं, वर्षांवर असतं. वीस वर्षांची गाडी कमी चालली असली तरी तिचं रबर वीस वर्षांचंच असतं. तेव्हा जुनी गाडी हातात आली की ब्रेकचे होज, व्हॅक्यूमचा पाइप, डिझेलचे पाइप, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट हे सगळं एकदा बदलून टाका आणि तारीख लिहा. अंदाजानं बदलू नका असं मी म्हणालो, पण रबर त्याला अपवाद आहे, कारण त्याची आतली झीज मापता येत नाही.

ब्रेक ऑइलबद्दल. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं तेल नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. आमचं लखनौ सपाट आहे, इथे ते फारसं जाणवत नाही. पण तुमच्यातला कोणी खंबाटकी किंवा कुंभार्ली घाट माल भरून उतरत असेल तर ड्रम तापतात, तेल उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जातो. म्हणून दोन वर्षांतून एकदा तेल बदला, आणि घाट उतरताना चढायला लागतो त्याच गिअरात उतरा. ब्रेकमध्ये चुकूनही इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल टाकू देऊ नका, सगळे रबर फुगून बाद होतात.

गाडी ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढत असेल तर दोष बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतो. डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक धरतोय, उजवा धरत नाही. उजवा ड्रम उघडा. व्हील सिलिंडर गळत असेल, किंवा लायनरवर ग्रीस गेलं असेल. मागच्या चाकात हबच्या सीलमधून गिअर ऑइल लायनरवर येतं. असं लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवायची पद्धत आहे, ती सोडून द्या. तेल आत मुरलेलं असतं, तापलं की बाहेर येतं. सील आणि लायनर दोन्ही नवं. आणि ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजातली बारा-चौदा वर्षांची पोरं तोंडानं फुंकतात तेव्हा मला बघवत नाही. खरं तर त्या वयाचं पोर तिथे असायलाच नको, पण तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.

आता पहाटेचं दुखणं. इथे डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, थंडीही हाडात शिरते. जुनं डिझेल इंजिन सकाळी चालू होत नाही. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो : सेल्फ हळू फिरतो की जोरात? यावरून निम्मं निदान होतं. जोरात फिरतो आणि इंजिन पकडत नाही, तर भानगड डिझेलची. हळू फिरतो, तर भानगड विजेची.

डिझेलची असेल तर बहुतेक वेळा रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हातपंप मारून हवा काढली की गाडी चालू होते, म्हणून लोक रोज सकाळी हातपंप मारत राहतात आणि हवा कुठून शिरते ते शोधत नाहीत. शोधायचं तर्कानं. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथे जोड ढिला असेल तर डिझेल थेंबभरही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे ढिलं असेल तर डिझेल टपकतं. म्हणजे ओलं दिसतंय तिथली गळती सोपी, कोरडी गळती अवघड. मी एक वीतभर पारदर्शक नळी ठेवलीय. ती फिल्टरच्या आधी तात्पुरती जोडायची आणि इंजिन चालू करून बघायचं. बुडबुडे दिसले की मागच्या बाजूचे जोड एकेक करून तपासायचे. बहुतेक वेळा तांब्याचा वॉशर निघतो, जो कोणीतरी पुन्हा पुन्हा तोच वापरलेला असतो. वॉशर काही रुपयांना मिळतो.

सेल्फ हळू फिरत असेल तर मल्टिमीटर. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४. सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली गेली तर बॅटरी संशयित. आमच्या ओळखीच्या एका गाडीत दोन वेळा सेल्फ बदलला गेला, बॅटरी नवी आणली, तरी सकाळी तेच रडगाणं. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या धातूला लावली आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. आलं दोन व्होल्ट. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी गंजून चार तारांवर लटकत होती. पट्टी बदलली, दोन्ही टोकं घासून लख्ख केली. तो माणूस गप्प उभा राहून जुन्या दोन सेल्फकडे बघत होता.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे. मला ती पटत नाही. थर्मोस्टॅट काढला की थंडीत इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, काजळी धरते. इंजिन तापण्याचं कारण दुसरीकडे असतं : ढिला बेल्ट, बुजलेला रेडिएटर, बोअरच्या पाण्यानं धरलेला क्षार. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये घाला, बोअरच्या नको. आणि धूर बघायला शिका. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर फिल्टरपासून सुरुवात करा, मग नोझल. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढरा, गोडसर वासाचा आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट.

पुढच्या चाकांसाठी महिन्यातून एकदा दहा मिनिटं द्या. एक चाक जॅकवर उचलायचं, वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा. मग बाजूनं धरून हलवा, तिथे टाय रॉडचे एंड कळतात. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. लाकडी ठोकळा किंवा स्टँड लावा, दुसऱ्या चाकांना दगड लावा. विटांचा थर लावून खाली शिरणारे लोक इथे मी पाहिलेत. वीट फुटताना आधी सांगत नाही.

मिस्त्रींशी बोलणं हा एक स्वतंत्र धडा आहे. आपल्याकडे पाटे म्हणतात, इथे कमानी. आपला पाना इथे चाबी होतो. सुरुवातीला मी चौदाचा पाना मागायचो आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. पण खरी अडचण शब्दांची नसते. मिस्त्रीला "सेल्फ बदल दो" असं सांगितलं की तो बदलून देतो, त्याचं काम झालं. त्याऐवजी लक्षण सांगा : सकाळी, थंड असताना, हळू फिरतो, दुपारी बरा असतो. म्हणजे तो विचार करतो. जुना यांत्रिक पंप कानानं ओळखणारे उस्ताद ट्रान्सपोर्ट नगरात आहेत, पण बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांच्या हाताखालची पोरं आता नव्या गाड्यांचे सेन्सर शिकतात, आणि त्यांनी तेच शिकावं, पोट त्यातच आहे. माझ्यासारख्यांना मात्र पुढे पंप कॅलिब्रेशन कोणाकडे करायचं हा प्रश्न येणार आहे.

आता तोट्यांकडे येतो. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क चांगलंच वाढलंय. भंगार धोरण २०२१ मध्ये आलं. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, लखनौ त्या क्षेत्रात येत नाही म्हणून माझी गाडी चालते. आणि धुराबद्दल खोटं बोलणार नाही. नोझल कितीही नीट ठेवले तरी ही गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, तो धूर माझ्याच गल्लीतली पोरं घेतात. ती कायम चालावी असा माझा हट्ट नाही.

कधी सोडायची? माझ्या वहीत त्याचा हिशेब आहे. वर्षाचा दुरुस्तीचा खर्च, फिटनेसचं शुल्क, विमा आणि गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेले दिवस, हे एका बाजूला. नव्या गाडीचा वर्षाचा हप्ता दुसऱ्या बाजूला. बुडालेले दिवस लोक धरत नाहीत आणि म्हणून जुनी गाडी स्वस्त वाटते. गेल्या वर्षी माझे नऊ दिवस बुडाले, तरी पारडं जुन्याच्या बाजूला होतं. एक गोष्ट मात्र हिशेबाच्या बाहेर आहे : चासी. क्रॉस मेंबरजवळ तडा दिसला, किंवा गंज हातोडीच्या टोकानं आत जायला लागला, तर वेल्डिंगचे तुकडे लावत बसायचं नाही. त्या दिवशी गाडी भंगारात. दर पावसाळ्यानंतर मी हातोडी घेऊन खाली जातो आणि टोकून बघतो. यंदा सगळीकडे टणक वाजलं.

या रविवारी डाव्या बाजूचा किंगपिन काढायचाय, सहसा तो सुखासुखी निघत नाही. जमलं तर त्याचं चित्रण पुढच्या वेळी दाखवेन. तुमच्याकडे चारशे सात, जुना पिकअप किंवा जीप असेल तर खाली लिहा. नुसतं "गाडी चालू होत नाही" असं लिहू नका. सेल्फ कसा फिरतो, धूर कसला येतो, इंजिन थंड असताना की गरम असताना, एवढं लिहा. मी रात्री गाडी लावली की वाचतो. नमस्कार.